ताटं नव्हती म्हणून

समुद्राकडचं टोक.

टेबलाच्या या टोकाला रोव्हेलिनचा मासा एका बाजूने खाऊन झाला होता. तेवढ्यात कादोय नावाडी कुंपणाशी येऊन ओरडला, "ऊठ गं! वारा वाढतोय. आत्ता निघालो तर पोचू. मग म्हणशील तर मी घरी जाऊन झोपणार."

"अरे, भात तरी..."

"फेरीबोट थांबणार आहे का तुझ्या भातासाठी?"

थांबणार नव्हती. पलीकडच्या बंदरातून संध्याकाळची फेरी, फेरीने मनिला, आणि मनिलात उद्या मालवाहू जहाज. त्या जहाजाच्या इंजिनखोलीत तिची जागा पक्की होती. ती पोचली तरच.

तिने हात धुतले आणि पिशवी खांद्यावर टाकली.

मधे.

तियो रुफो आपल्या जहाजावरच्या दिवसांच्या गोष्टीत अँटवर्पच्या बर्फात घसरायच्या बेतात होता. हा मामा दर जेवणात तिथे घसरायचा. आज कादोयच्या हाकेने गोष्ट तुटली आणि तो उभाच राहिला.

"मला हिला पुढचं सांगू दे की," तो म्हणाला. "तिकडे बूट चांगले लागतात."

"तू घसरलास ते बुटांमुळे नाही, मामा. बाटलीमुळे," रोव्हेलिन म्हणाली. टेबलभर हशा पिकला.

टेकडीकडचं टोक.

बाप हसला नाही. त्याने वरही पाहिलं नाही. खेकड्याची नांगी फोडत राहिला.

मधे.

"थांब," आई म्हणाली. "ताटं फिरवायची राहिली."

जेवण चालू असताना कुणी प्रवासाला उठलं की बसलेल्यांनी आपापलं ताट गोल फिरवायचं, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. घरात कुणाला ते समजावून सांगावं लागत नव्हतं. सगळ्यांचे हात पुढे गेले आणि तिथेच थांबले.

ताटं नव्हती. निरोपाचं जेवण म्हणून टेबलभर केळीची पानं अंथरली होती. त्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत भाताची एकच रांग, कडेने मासे, खेकडे, कैरीच्या फोडी. बारा माणसं हातानेच खात होती.

"पान फिरवू या," मामी म्हणाली.

"फाटेल. सगळा भात कुत्र्याला."

"मग टेबल फिरवा," आई म्हणाली.

आता तर मामाला ठसकाच लागला. टेबल संगमरवराचं होतं. संगमरवराच्या खाणींच्या या रोंब्लोन बेटावर त्याचं कुणाला कौतुक नाही. कारखान्याने चीर गेली म्हणून टाकलेली लादी बापाने दोन ठोकळ्यांवर आणून ठेवली होती.

"ताई, आणताना आठ गडी लागले होते."

"मग? जेवायला बारा बसलेत."

"नानाय," रोव्हेलिन आईला म्हणाली, "मी एवढं मोठं इंजिन सांभाळायला चाललेय, आणि तुझ्या टेबलावाचून बुडणार होय?"

"इंजिन तू सांभाळ. रस्ता माझ्याकडे."

कुंपणाशी कादोयने शिट्टी मारली. रोव्हेलिन हलली नाही. तिला निघायचं होतं, पण आईला अशी मधेच उभी ठेवून तिला निघता येईना.

टेकडीकडचं टोक.

"फुटेल," बाप म्हणाला.

"फुटू दे. लादीच आहे."

"टेबल फिरवून होड्या पोचत नसतात. कादोय पोचवतो."

"कादोय तर पोचवेलच. तू उठतोस का, का तुझ्यासकट उचलू?"

पुन्हा हशा. बाप बसून राहिला. मग त्याने नांगी पानावर ठेवली, हात चड्डीला पुसले आणि वाकून लादीखाली पाहिलं.

"चीर इथे आहे. दोघांनी इथे खालून हात द्या. टोकांना कुणी जोर लावायचा नाही." तो रोव्हेलिनकडे वळला. "तू हात लावायचा नाहीस. जाणाऱ्याने लावायचा नसतो. नीघ."

ती निघाली.

सगळे एकदम.

बाकं लाथेने बाजूला सरली. "हं!" म्हटल्यावर लादी उठली. भाताची रांग थरथरली. "हळू, माझा खेकडा!" "खेकडा गेला खड्ड्यात, पाय बघ!" "मामा, घसरू नका!" "मी घसरतो फक्त बर्फावर!" अकरा माणसं, बावीस पायांचा गोंधळ, धापा टाकत, शिव्या देत, हसत, अंगणात अर्धा गोल चालली. एक कैरीची फोड पडली. दुसरं काही पडलं नाही. लादी ठोकळ्यांवर टेकली तेव्हा खाली किनाऱ्याशी कादोयच्या मोटरहोडीचं, पंपबोटीचं, इंजिन सुरू झालं होतं.

जो तो आपापल्या जागी परत येऊन बसला.

समुद्राकडचं टोक.

रिकामं स्टूल. त्याच्यासमोर बापाची अर्धी फोडलेली नांगी.

टेकडीकडचं टोक.

बापासमोर तिचा भात आला होता. बोटांनी केलेला खळगा तसाच. शेजारी तिचा मासा, वरची बाजू खाल्लेली, काटा उघडा.

त्याने तो भात स्वतःकडे ओढला आणि खाऊ लागला.

"मासा उलटव की," मामा म्हणाला. "खालची बाजू अख्खी आहे."

बापाने समुद्राकडे पाहिलं. बोट अजून खडकांच्या आतच होती, लाटेवर नाक वर करत.

"मासा उलटला की होडी उलटते म्हणतात. पलीकडे लागू दे तिला," तो म्हणाला, आणि मासा तसाच ठेवून त्याने वरचा काटा दोन बोटांनी अलगद उचलून काढला.