मुक्यानं जेवण

कांताबाईंनी पहिला घास घेतला आणि नेरहून त्यांच्या ममताशी सोयरीक ठरलेल्या मुलाचे मामा आले.

चातुर्मासात त्या दिवसातून एकदाच जेवत, तेही मुक्यानं. जेवताना तोंडातून शब्द निघाला तर ताटावरून उठायचं. मग दुसऱ्या दिवसापर्यंत नुसतं पाणी. त्यांनी मान लववून पाहुण्यांना बसायची खूण केली.

मामांचं नाव फकिराजी. टेकण्याआधीच त्यांनी सांगून टाकलं की घरी सोयरीक मोडायचं बोलणं चाललंय. ममताच्या वडिलांचं, मारोतरावांचं, आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. त्यांचे थोरले भाऊही पोटाच्याच दुखण्यानं गेले. रोग घराण्यातला असेल तर उद्या नातवंडांचं काय?

मारोतरावांनी पिशवीतून रिपोर्ट काढला. गाठीतला एक जीन बंद पडला होता, असं काहीसं नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, एवढं ते सांगू शकले.

जीन फकिराजींना ठाऊक होता. बीटीच्या बियाण्यात तोच असतो म्हणे, आणि तरी यंदा बोंडअळीनं कपाशी खाल्लीच.

"म्हणजे बियाण्यातच खोट," ते म्हणाले. "मी त तेच म्हणून राह्यलो."

असेल बाप्पा, म्हणून मारोतरावांनी मान हलवली.

कांताबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास समजावलं होतं ते त्यांनाच. मारोतराव तेव्हा सलाईन लावून पडलेले. कांताबाईंनी डाव्या हातानं दोन बोटं दाखवली. दुसरं पान उलटा. मारोतरावांनी पाण्याचा तांब्या सरकवला. त्यांनी कागदाकडे बोट केलं. मारोतरावांनी मीठ वाढलं.

ममता चहा घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली. फकिराजी तिच्याकडे न बघता उठले. निरोप पाठवतो, म्हणाले, आणि चपला शोधू लागले.

"बसा, भाऊ," कांताबाई म्हणाल्या.

ताटात दीड भाकर होती. त्यांनी त्यातच हात धुतला.

"जीन बिघडला नाही. शाबूत हाये. चुका दुरुस्त करनारा जीन तो. त्याच्यावर झाकण बसलं अन् तो गप पडला. तेबी त्या गाठीतच. यायचं रक्त तपासलं, रक्तात तो चांगला चालू हाये. एका बोंडात अळी शिरली, म्हणून बियाण्यात अळी होती म्हनता का तुमी? पोरायत उतरनारा प्रकार नाही हा. दुसऱ्या पानावर लिवलं हाये."

आवाज चढला नव्हता. फकिराजींनी दुसरं पान उलटलं, इंग्रजी पाहून मिटलं आणि मारोतरावांकडे वळले.

"वहिनी म्हनतात ते बराबर हाये का?"

मारोतराव ताटातल्या भिजलेल्या भाकरीकडे बघत होते.

"मले कायले विचारता? तिले विचारा."

फकिराजी खाली बसले. ममताच्या हातून चहा घेतला, बशीत ओतला. मग पहिल्यांदाच कांताबाईंकडे तोंड करून म्हणाले, "पुन्हा एकडाव सांगा, वहिनी. सावकाश. घरी माह्या बहिणीले मलेच सांगा लागन."

कांताबाईंनी ममताला पेन आणायला सांगितलं.

"लिहून घ्या," त्या म्हणाल्या.