वेगळं ताट

“सासूबाईंचं ताट वेगळं ठेवा, पण का ते त्यांनाही नीट समजावून सांगा,” असं सांगलीच्या दवाखान्यातल्या सिस्टरनी बजावलं होतं. त्यात काय सांगायचं, म्हणून मी समजावलंच नाही. केमोनं त्यांच्या अंगातली रोगाशी लढायची ताकद गेलेली. आमच्या बाळाचा सर्दी-खोकला त्यांना लागू नये, एवढीच मला धास्ती. केमो संपली, तरी त्या भीतीनं मी तसंच चालू ठेवलं.

काल त्यांच्या उशाखाली केमोनंतर रोज घ्यायला दिलेल्या तीन महिन्यांच्या गोळ्या सापडल्या, पाकिटंही न फोडलेली.

“आवं आत्या, हे काय?” मी सासूबाईंना विचारलं.

“ताट अजून येगळंच हाय, म्हंजी रोग गेलाच न्हाई. मला फसवताय तुमी. मग कशाला खाऊ?”


तुमच्या घरात कुणाची केमो संपली असेल, तर आत्ता हातातला फोन ठेवा आणि त्यांच्या गोळ्या बघून या.