तोंडाएवढा आरसा

“ह्यो पण नको,” म्हणत महिपतीने आणखी एक आरसा काउंटरवर ठेवला.

सखाने कपाळाला हात लावला. पेणमधल्या त्याच्या सायकलच्या दुकानात आरशासाठी एवढा जीव खाणारं गिऱ्हाईक आजवर आलं नव्हतं. हा आरसा चांगला फुगीर होता. मागचा अख्खा रस्ता त्यात मावत होता, दोन्हीकडच्या दुकानांसकट. महिपतीची तक्रार अशी, की यात माणसाचं तोंड लिंबाएवढं दिसतं.

“म्हाताऱ्या, तुला ट्रक बघायचेत का नवरी?” सखाने विचारलं.

ट्रक बघायची काळजी होती ती सोबत आलेल्या शकूला, महिपतीच्या मुलीला. आरशाचा हट्ट तिचाच. मागून कितीही हॉर्न वाजले तरी बा बाजूला होत नाही, हे तिने पाहिलं होतं. जवळच्या जोहे गावातल्या गणपती कारखान्यात तो मूर्तींचे डोळे आखायचा. रंगाचा कॉम्प्रेसर शेजारीच दिवसभर घरघरायचा, आणि तिथली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघूनच बोलणं ओळखायची. त्या घरघरीत बाचे कान गेले होते. पण घरात ‘बहिरा’ हा शब्द कोणी काढत नसे. रेडिओ कानाला चिकटवून महिपती म्हणायचा, हल्ली बातम्या सांगणारे हळू बोलतात. म्हणून शकूने रहदारी वाढल्याचं निमित्त काढलं, आणि त्यानेही ते लगेच मानलं.

शकू रोह्याला एका दवाखान्यात नोकरी करायची. सुट्टी संपली की बा तिला सायकलवरून पेणच्या एसटी स्टँडवर सोडायचा. कॅरिअरवर बसून ती वाटभर सगळं सांगायची, आणि तो पुढून ‘व्हय गो’ म्हणायचा. पगार वाढला, व्हय गो. घरमालकीण जिन्यावरून पडली, व्हय गो. सूर तोच.

शेवटी महिपतीने कोपऱ्यातला एक लहान, सपाट आरसा उचलला. शकूला पाठीमागे उभं केलं आणि कायतरी बोल म्हणाला. मग घरमालकीण इंदुबाईच्या मांजरीने तांदळाच्या डब्यात पिल्लं घातल्याचं तिने सांगायला घेतलं. मांजर डबा सोडत नाही, आणि इंदुबाई वाटी घेऊन शेजारणींकडे तांदूळ मागत फिरते. तेवढ्यात हॉर्न दाबून धरलेला डंपर दुकानासमोरून गेला. शकूला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं नाही. महिपती मात्र आरशात बघून खदखदून हसला.

“ह्योच दे.”

यात जेमतेम एक माणूस मावतो, सखाने बजावून पाहिलं. मग हार मानून आरसा बसवून दिला. महिपतीने शकूला कॅरिअरवर बसवलं आणि आरसा आपल्या हाताने हवा तसा फिरवून घेतला.

त्या दिवशी स्टँडपर्यंत त्याने ‘व्हय गो’ म्हटलंच नाही. पिल्लं किती, बोका कुठला, इंदुबाईला आता जेवायला कोण घालतं, असं विचारत राहिला. नव्या आरशाने स्वारी खुशीत आहे, असं शकूला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून तो कारखान्यात जरा आडवा झाला, तो उठला नाही.

तेरावा झाल्यावर शकू सायकल घेऊन सखाकडे आली. ती रोह्याला न्यायची होती, त्याआधी ब्रेक बघून हवे होते. सखा सीटवर बसला. आरशात पाहून चुकचुकला.

“यात रस्ता दिसतच नाय गो. कॅरिअरवर बसलेल्याचं तोंड दिसंल, बस. फिरवून देऊ?”

शकू नको म्हणाली. सखा उतरल्यावर तिने सायकल स्टँडवर लावली आणि कॅरिअरवर बसली. तिथून आरशात सीटच्या वरची, बाचं तोंड असायचं ती मोकळी जागा दिसत होती. सखा पंक्चरच्या पेटीत काहीतरी शोधू लागला.

“बा, तू ठार बहिरा हायेस,” कारखान्यात बोलतात तसे ओठ नीट हलवत ती म्हणाली. “आता सगळं पहिल्यापासून सांगते. बघ.”