जमिनीवर उघडलेली छत्री

बस इथं. विमान यायला अजून वेळ आहे, तोवर एक गोष्ट सांगतो. घाबरायचंच असेल तर नंतर घाबर.

विमानाचा पंखा गरगरत होता, रांग पुढं सरकत होती, आणि ड्रायव्हरबाई मधेच थबकली. शहराची बस चालवणारी बाई. सतरा वर्षांत तिच्या हातून एक आरसा फुटला नाही. पाठीवर पॅराशूट, पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं घडी घातलेलं. हंगामाचं शेवटचं विमान. आज नीट उतरली तर कार्डावर उडी शिकवणाऱ्या मास्तरांचा शिक्का आणि घडी घालायची कायमची मुभा. नाहीतर बसा वर्षभर आभाळाकडं बघत.

"स्लायडर," ती पुटपुटली.

स्लायडर म्हणजे उशीच्या अभ्र्याएवढं कापड. चार कोपऱ्यांना चार कड्या, कड्यांतून छत्रीच्या दोऱ्या ओवलेल्या. घडी घालताना तो पार वर, छत्रीला भिडवायचा. मग हवेत तो हळूहळू खाली सरकतो आणि छत्री दमानं फुलते. आधीच खाली राहिला तर छत्री एका फटक्यात उघडते. मग छत्री फाटते, नाहीतर माणूस.

आणि सकाळी तो भिडवायच्या नेमक्या वेळी लेकीचा फोन आला होता. आई, माझा निळा मोजा कुठंय? मोजा सापडला. पण स्लायडर वर भिडवला का नाही, ते काही केल्या आठवेना.

मागून दीर खिदळला. तोही याच वर्गातला. "वहिनी, चला की! ही काय तुमची बस आहे? चुकली तर मागून दुसरी येत नाही!"

सगळी रांग फिदीफिदी हसली. तिनं मास्तरांकडं बघितलं. मास्तर दाढी खाजवत उभे.

"विमान थांबायचं नाही, बाई. काय ते ठरवा."

हात म्हणत होते, भिडवला. डोकं म्हणत होतं, घे शपथ. शपथ काही घेववेना. ती बाजूला झाली, पाठीवरचं ओझं उतरवलं, आणि पिशवी मिटून धरणारी पिन उपसली. सकाळभराची मेहनत भसकन गवतावर. विमान गेलं.

स्लायडर पार वर होता. चारही कड्या जिथल्या तिथं.

ती मटकन खाली बसली. मास्तर शेजारी येऊन टेकले.

"मला ठाऊक होतं. तुमची घडी मी दोनदा तपासली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर माझ्या भरवशावर उडी मारली असतीत. कार्ड आणा इकडं."

शिक्का ठप्पकन बसला.

"अहो, पण मी उडी कुठं मारली?"

"उडी पोतंसुद्धा मारतं, ढकललं की झालं. हवेत छत्री सगळेच उघडतात, बाई. जमिनीवर उघडणारं माणूस वर्षातून एखादं भेटतं."

आज इथल्या निम्म्या पाठींवर तिच्याच हातच्या घड्या असतात. तो खिदळणारा दीर कोण, ते काही विचारू नकोस. माझ्या पाठीवरचीही वहिनीनंच घातलीय. तरी जरा मागं ये बाबा, आणि पिन नीट बसलीय का बघ.