बंद बाटलीतला निळा रंग

माले गावात हौसाबाईंच्या घरी मी भाड्यानं राहते आणि त्यांच्या गच्चीवर, उन्हातल्या साखरांब्याच्या बरण्यांशेजारी, माझी पीएचडी मांडून ठेवते. बाटल्यांतल्या पाण्यात धातू आणि ऑक्सिजनच्या अणूंचे इवलेसे पुंजके असतात. ऊन लागलं की ते निळे होतात, हवा लागली की पुन्हा रंगहीन. माझे मात्र दुपारी टाकीची सावली पडली की घट्ट बंद बाटलीतसुद्धा, हवेशिवाय, आपोआप रंगहीन व्हायचे! असं जगात कुणालाच दिसलं नव्हतं. दोन महिने मी ऊन, ढग, तापमान, वाऱ्याची दिशा, सगळं वहीत टिपून ठेवलं.

काल गाईड सर खात्री करायला पुण्याहून आले. सकाळी बाटल्या निळ्याशार होत्या. हौसाबाईंच्या हातची भाकरी खाऊन वर गेलो, तर झाकणं घट्ट आणि पाणी नितळ! दोन वर्षं मला "अगं ए" म्हणणारे सर म्हणाले, "मॅडम, शोधनिबंध आजच पाठवून द्या." मी मनातल्या मनात नावाआधी 'डॉक्टर' लावूनही टाकलं.

माझं कौतुक ऐकून हौसाबाईंनाही राहवेना.



"पोर लई गुणाची हाय, सर, पर दिसभर खाली वहीत डोकं, म्हणून रोज दुपारी साखरांब्यासंगं तिच्याबी बाटल्या मीच उघडते, कोरड्या चमच्यानं ढवळते अन् पुन्यांदा गच्च लावते, न्हाईतर कवाच बुरशी धरली असती!"