सोमवारचा कचरा

"हे तू आत्ता सांगतेस मला?" तिच्या मार्गदर्शक शुभदा मॅडम कुजबुजल्या, पण अशा की पुढच्या दोन रांगांनी वळून पाहिलं.

स्टेजवरचा मुलगा आभार मानत होता. त्याच्यानंतर स्टेफनीचा नंबर. मीरा रोडच्या कॉलेजातल्या संशोधन स्पर्धेच्या गारेगार हॉलमध्ये तिला घाम फुटला होता.

"कालच दिसलं, मॅडम. चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर धक्क्यावर गेले, तर शनिवार संध्याकाळची जाळी तशीच पडलेली. रविवारी आमच्याकडे कोणी जाळी झाडतच नाही. सोमवारी शनिवारच्या आणि सोमवारच्या जाळ्यांचा कचरा एकदम निघतो. आणि मी त्याचंच वजन करत बसले."

उत्तनच्या कोळ्याच्या घरात वाढलेली मुलगी. दर रविवारी त्याच जाळ्यांना वळसा घालून चर्चला जायची. बाहेरच्या कोणी पहिल्याच आठवड्यात विचारलं असतं, रविवारचा रकाना रिकामा का? हिला तो रिकामाच असणार हे जन्मापासून ठाऊक, म्हणून हिने विचारलंच नाही. जाळ्यांत अडकलेलं प्लॅस्टिक वर्षभर तोललं आणि निष्कर्ष काढला : सोमवारी दुप्पट निघतं, ते सुट्टीला किनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकांचं. परीक्षकांना नेमकं हेच आवडलं होतं. पहिला नंबर आणि दिल्लीच्या परिषदेचं बोलावणं तिलाच, असं सगळे धरून चालले होते.

"आज आहे तसंच बोलून टाक," मॅडमचा आवाज मऊ झाला. त्याही तिच्याबरोबर उन्हातान्हात धक्क्यावर उभ्या राहिल्या होत्या. "नंतर सुधारू आपण."

"नंतर कोण ऐकणार, मॅडम? तोवर हे छापून येईल."

तिचं नाव पुकारलं गेलं. स्टेफनी उठली. दिल्ली हातची गेली म्हणून तिला रडू येत होतं, आणि इतक्या साध्या गोष्टीत आपण फसलो म्हणून स्वतःचाच भयंकर राग येत होता. दोन्ही गिळून ती माइकसमोर उभी राहिली.

पडद्यावर तिचाच निष्कर्ष ठळक अक्षरांत झळकला. तिने तो मोठ्याने वाचला.

"हे चूक आहे," ती म्हणाली. "चूक माझी आहे." मग जाळी, रविवार, मिस्सा सगळं सांगितलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं. शुभदा मॅडम खाली मान घालून बसल्या.

मुख्य परीक्षकांनी चष्मा काढला. "मग आता उरलं काय तुझ्या पेपरात, बेटा?"

"मंगळवार ते शुक्रवारचे आकडे, सर," स्टेफनी म्हणाली. "आणि माझी उरलेली पाच मिनिटं."

तिने पुढची स्लाइड लावली.