बिनस्पीकरचा मॉनिटर

आमच्या कॉम्प्युटरचा आवाज दुरुस्त झाला. झालाच नाही असं समजा, कारण मी तो लगेच पुन्हा बिघडवला.

चिखलीच्या घरातल्या या जुन्या डब्याला नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि स्पीकर मुके झाले. सेटिंगनुसार आवाज मॉनिटरमधून येत होता. मॉनिटरला स्पीकरच नाहीत.

मागे आबा बैलगाडा शर्यत लाइव्ह बघत होते. चाकणच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांशेजारी तीस वर्षं काढल्यावर त्यांचे दोन्ही कान गेलेत.

"बारीक कर की रं," आबा म्हणाले. "पुकारणारा लई वरडतोय."

मी स्पीकर निवडले. मला ऐकू आलं, आबांना येईनासं झालं; त्यांचा चेहरा पडला. मी पुन्हा मॉनिटर निवडला.

"बारा सेकंद चौदा!" आबा ओरडले. मग पडद्यावर तोच आकडा उमटला. कान गेल्यावर नऊ वर्षांनी आबा मांडीवर थाप मारून हसत होते.

मी घाबरून मॉनिटरची पिनच उपटली.

"ऱ्हाऊ दे बंद," आबा डोळे मिटून म्हणाले. "आता आपला गाडा सुटतोय."

तरी संबंधित कंपनीस नम्र विनंती, की आमच्या कॉम्प्युटरला यापुढे एकही अपडेट पाठवू नये. अपडेटने आवाज दुरुस्त होण्याची भीती असून, घरात एक माणूस ऐकत आहे.